नमुना आणि नोंद

वर्धा शहराच्या आग्नेयेस समुद्रपूर हें तालुक्याचें ठिकाण आहे. नांवांत समुद्र असला तरी खरा समुद्र येथून शेंकडों मैल दूर. भोंवतालीं दिसते ती काळी जमीन आणि तींत डोलणारा कापूस. गिरड, जाम हीं गांवें याच तालुक्यांतलीं. तेथील शेतकऱ्यास आज आपल्या जमिनीचा सातबारा पाहावयाचा असला म्हणजे तो हातांतील मोबाईल उघडतो, जिल्हा, तालुका व गांव यांची निवड करतो, आपल्या शेताचा क्रमांक घालतो, आणि थोड्याच क्षणांत कोणा दूरच्या यंत्रांतून त्याच्या नांवाचा उतारा त्याच्यापुढें येतो. पूर्वीं ज्यासाठीं तलाठ्याच्या दारीं दोन-तीन खेटे घालावे लागत, तें काम बांधावर उभ्याउभ्या होतें.

या लहानशा व्यवहारांत दोन निराळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक नमुना आणि दुसरी नोंद. नमुना म्हणजे रकाने कोणते, त्यांचा क्रम कोणता, कोणत्या रकान्यांत अंक यावयाचा आणि कोणत्यांत नांव, याविषयींचा ठराव. नोंद म्हणजे त्या रकान्यांत भरलेला मजकूर. नमुना सर्वांचा एक. नोंद ज्याची त्याची निराळी. मग प्रत्येक नोंदीबरोबर सारा नमुना पुन्हां पुन्हां कां पाठवावा? तो दोन्ही टोंकांस आधींच ठेवून नुसती नोंद धाडली तर भार केवढा तरी हलका होईल! संगणकविद्येंत आज या विचारास मोठें महत्त्व आलें आहे. तेथें नमुन्यास स्कीमा म्हणतात. नोंद तारेवरून धाडण्याजोगी बांधणें यास सिरियलायझेशन म्हणतात. आणि स्कीमा हातीं दिला असतां नोंद बांधण्याची व सोडण्याची आज्ञावली माणसानें न लिहितां यंत्रच लिहून देतें. ही युक्ति नव्या युगाची म्हणून सांगितली जाते. परंतु दफ्तराचा इतिहास पाहतां तिचीं मुळें बरींच खोल गेलेलीं आढळतात, आणि तिचे गुण व धोके हे दोन्ही जुन्या कारकुनांस चांगले ठाऊक होते असें दिसून येतें.

यादवांच्या राज्यांत, महादेव व रामचंद्र या राजांच्या वेळीं, हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत हा मोठा अधिकारी होऊन गेला. मोडी लिपि त्यानें प्रचारांत आणली असें परंपरा सांगते. ती परंपरा सर्व संशोधकांस मान्य नाहीं. कागदपत्र व हिशेब कसे लिहावे याचे नियम सांगणारें मेस्तकहि त्याच्याच नांवावर चालतें. कर्ता कोणीहि असो, मेस्तक म्हणजे दफ्तराचा नमुनाच होय. कोणती बाब कोठें लिहावी, बेरीज कशी मांडावी, हें कारकुनास त्यानें पढविलें. पत्रांच्या मायन्यांचेंहि असेंच. कोणत्या दर्जाच्या माणसास कोणता मायना घालावा हें ठरलेलें असल्यामुळें पहिल्या ओळीवरूनच वाचणारास पुष्कळ कळत असे.

मोडीचें सारें बळ तिच्या वेगांत. वर रेघ ओढून घ्यावी आणि हात न उचलतां खालीं अक्षरें लिहीत जावें, अशी तिची रीत. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद ती बहुधा पाळीत नाहीं. त्यावर पुन्हां संक्षेपांची भर. मौजे हा शब्द ‘मौ॥’ एवढ्यावर भागे, परगणे हा ‘प॥’ एवढ्यावर, आणि चंद्राची तारीख सांगण्यास नुसता ‘छ’ पुरे. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांच्या मनांत नमुना एकच असल्यामुळें हा संक्षेप चाले. पेशव्यांच्या पुण्यास एकबेरीज दफ्तर असे. तेथें निरनिराळ्या खात्यांचे कागद एकत्र लावून त्यांवरून जमाखर्चाचे तर्जुमे व खतावण्या तयार करीत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत, म्हणजे आजच्या वर्ध्याच्या प्रदेशांतहि, कारभार मोडींतूनच होई. नमुना या काळीं कारकुनाच्या डोक्यांत होता. तो बापाकडून मुलाकडे, वडील कारकुनाकडून उमेदवाराकडे जाई. त्यांत एक उणीव होती: डोकें गेलें म्हणजे नमुनाहि त्याबरोबर गेला.

तिसरे रघूजी भोसले १८५३ सालीं वारले आणि त्यांचें राज्य इंग्रजांनीं पुढल्या सालीं खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला आणि १८६२ सालीं नागपूर जिल्ह्याचा भाग तोडून वर्धा जिल्हा निराळा करण्यांत आला. जिल्ह्याचें ठाणें प्रथम पुलगांवाजवळच्या कवठा येथें होतें. १८६६ सालीं तें पालकवाडी या खेड्याच्या जागीं हलविलें आणि तेथेंच आजचें वर्धा शहर वसलें. आर्वी, वर्धा आणि हिंगणघाट अशा तीन तहशिली केल्या. समुद्रपूर व गिरड यांचा समावेश हिंगणघाट तहशिलींत होता.

या प्रांतांत मालगुजारी बंदोबस्त झाला. त्याबरोबर पटवाऱ्याच्या हातीं ठराविक कागद आले. खसऱ्यांत एकेका शेताची नोंद, जमाबंदींत कोणाकडून किती धारा यावयाचा तें, नकाशांत शेतांच्या सीमा, आणि वाजिब-उल-अर्ज या कागदांत गांवाच्या वहिवाटी. जमिनीच्या जातींनाहि ठरलेलीं नांवें होतीं: काळी, मोरंड, खरडी, बरडी. पुढें मध्यप्रांतांतील बंदोबस्तांत या जातींना अंक देण्याची पद्धति निघाली. कोणती जमीन कोणत्या जातीची व कोणत्या ठिकाणची यावरून तिचें मोल अंकांत मांडावें, आणि त्या अंकांवरून धाऱ्याचा हिशेब करावा. जमिनीचें लांबलचक वर्णन जाऊन तिच्या जागीं एक आंकडा आला. ज्याच्यापाशीं अंकांची यादी होती त्यास त्या आंकड्यांत सारी जमीन दिसे. ज्याच्यापाशीं नव्हती त्यास तो नुसता आंकडा.

येथेंच छापखान्यानें एक मोठें काम केलें. नमुना एकदां ठरला, त्याचा फर्मा एकदां जुळला, कीं हजारों गांवांच्या वह्या एकसारख्या निघूं लागल्या. पटवाऱ्यानें रकाने आंखावयाचे नाहींत आणि क्रम पाठ करावयाचा नाहीं; छापील रकाने भरावयाचे एवढेंच. नमुना डोक्यांतून कागदावर उतरला. आंखणारा हात चुकण्याची भीति गेली. चूक झाली तर ती भरणाऱ्याची, नमुन्याची नव्हे. एका नमुन्यावरून अनेक ठिकाणचीं साधनें आपोआप निर्माण व्हावीं, ही जी पुढें संगणकावर आलेली कल्पना, तिचें हें पहिलें रूप म्हणतां येईल.

दुसरें रूप तारायंत्रानें दिलें. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. हिंगणघाटच्या कापसाचें नांव व्यापारी जगांत होतेंच; आतां माल आगगाडीनें आणि भाव तारेनें जाऊं लागला. तारेस शब्दागणिक पैसे पडत. म्हणून व्यापाऱ्यांनीं सांकेतिक कोश वापरण्यास आरंभ केला. ‘अमुक प्रतीच्या इतक्या गांठी अमुक भावानें घ्या’ असें सबंध वाक्य कोशांतील एका शब्दानें जाई. आंतरराष्ट्रीय तारांच्या नियमांत दहा अक्षरांपर्यंतचा संकेत एक शब्द धरीत. १९०६ सालीं निघालेल्या बेंटलीच्या कोशांत पांच-पांच अक्षरांचे संकेत होते. म्हणजे दोन संकेत जोडले तरी पैसे एकाच शब्दाचे! आपल्या तारखात्यानेंहि सणावाराच्या व लग्नकार्याच्या शुभेच्छांचीं ठराविक वाक्यें क्रमांक घालून ठेविलीं होतीं. पाठविणारानें क्रमांक सांगावा, तारेवरून क्रमांक जावा, आणि पलीकडच्या कचेरीनें तो उलगडून पूर्ण वाक्य कागदावर लिहून द्यावें. ही तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तिचें तत्त्व मागें राहिलें. नमुना दोन्ही टोंकांस ठेवा, मधून फक्त क्रमांक धाडा. धोका एवढाच कीं दोन टोंकांचे कोश वेगळे निघाले तर अभिनंदनाच्या जागीं भलतेंच वाक्य घरीं येऊन पडावयाचें.

हा धोका तारेपुरता नव्हता. नमुना बदलला म्हणजे जुन्या नोंदींचें काय होतें, हा प्रश्न समुद्रपूरच्या शेतकऱ्यानें एका पिढींत दोनदां अनुभवला. प्रथम मध्यप्रांताचे १८८१ व १९१७ चे जमीनमहसुलाचे कायदे होते. मध्यप्रदेश सरकारनें १९५० सालीं केलेल्या कायद्यान्वयें मालगुजारी १९५१ च्या मार्चअखेर नष्ट झाली. नंतर १९५४ चा मध्यप्रदेश जमीनमहसूल अधिनियम आला व त्यानें भूमिस्वामी आणि भूमिधारी असे जमीन धारण करणारांचे दोन वर्ग सांगितले. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. महाराष्ट्राचा जमीनमहसूल अधिनियम १९६६ चा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आला. त्यांत वर्ग निराळे: भोगवटादार वर्ग एक आणि भोगवटादार वर्ग दोन.

आतां भूमिस्वामी कोठें जावयाचा आणि भूमिधारी कोठें? अधिनियमानेंच तें सांगून ठेविलें. हस्तांतरावर निर्बंध नसलेला भूमिस्वामी वर्ग एकमध्यें गेला. भूमिधारी, आणि ज्याच्या हस्तांतरावर निर्बंध होते असा भूमिस्वामी, हे वर्ग दोनमध्यें. जुन्या रकान्यांतील मजकूर नव्या रकान्यांत कसा न्यावा याचा असा स्पष्ट नियम नसता तर प्रत्येक गांवच्या पटवाऱ्यानें आपापल्या समजुतीप्रमाणें मजकूर उचलला असता. आणि येथें चूक ही नुसती लेखनिकाची चूक राहत नाहीं. वर्ग एकच्या जागीं दोन पडला कीं त्या माणसास आपली जमीन सरकारी परवानगीवांचून विकतां येत नाहीं. मुलीच्या लग्नाकरितां किंवा दवाखान्याकरितां पैसा उभा करावयाचा तर कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. एका अंकांत एका कुटुंबाचें हित अडकून राहतें.

महाराष्ट्राच्या नियमांनीं गांवचे एकवीस नमुने ठरविले. नमुना एक हा आकारबंद. सहा ही फेरफारांची नोंदवही. सात हा अधिकार अभिलेख. बारा ही पिकांची नोंदवही. आणि आठ-अ हा खातेदाराच्या एकूण जमिनीचा. सात आणि बारा एका कागदावर आले म्हणून लोक त्यास सातबारा म्हणूं लागले. एका छापील नमुन्याच्या क्रमांकावरून घराघरांत रूढ झालेलें असें दुसरें नांव मराठींत क्वचितच सांपडेल.

यानंतर संगणकाचा अध्याय सुरू होतो, आणि त्याचा आरंभ अनायासें वर्ध्यांतच सांपडतो. १९८८-८९ सालीं केंद्र सरकारनें जमिनीचे अभिलेख संगणकावर आणण्याचा प्रयोग देशांतील आठ जिल्ह्यांत सुरू केला; महाराष्ट्रांतून त्यासाठीं निवडलेला जिल्हा वर्धा होता. रंगारेड्डी, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज हे त्याचे सोबती. खसऱ्याच्या व सातबाऱ्याच्या वह्या ज्या जिल्ह्यांत तीन कायद्यांचे फेरे पाहून बसल्या होत्या, त्याच जिल्ह्यावर यंत्राचा पहिला प्रयोग आला.

यंत्रास अक्षर कळत नाहीं. त्यास अंक कळतो. अक्षरांना अंक द्यावे लागतात. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं इस्की या नांवाची अंकयोजना प्रमाण केली. तींत एका अक्षरचिन्हास एक बाइट पुरे. ‘समुद्रपूर’ या शब्दांत स, म, उकार, द, हलन्त, र, प, ऊकार आणि र अशीं नऊ चिन्हें; म्हणून नऊ बाइट. त्याच सालीं सर्व जगाच्या लिप्यांकरितां युनिकोड ही योजना निघाली. तिच्या आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ या बांधणींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. म्हणजे ‘समुद्रपूर’ लिहिण्यास सत्तावीस बाइट. मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१४ सालीं, आणि तेथें तिचें एक चिन्ह चार बाइट घेतें. तेंच नांव मोडींत लिहिलें तर छत्तीस! कागदावर जी लिपि सर्वांत हलकी, ती यंत्रांत सर्वांत जड ठरावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

तथापि खरा भार अक्षरांचा नसून नमुन्याच्या पुनरुक्तीचा आहे. १९९८ सालीं एक्सएमएल ही पद्धति प्रमाण झाली. तींत प्रत्येक मजकुराच्या मागें व पुढें त्या रकान्याचें नांव लिहावें लागतें. पुढें डग्लस क्रॉकफर्ड यानें जेसॉन ही सुटसुटीत पद्धति प्रचारांत आणली; २००६ सालीं तिचें पहिलें नियमपत्र प्रसिद्ध झालें. तींत रकान्याचें नांव एकदांच येतें, आणि ती कोणासहि डोळ्यांनीं वाचतां येते. वेबवरील बहुतेक देवाणघेवाण आज तिच्यांत होते. परंतु ‘गट क्रमांक’ हें नांव आणि ३०० हा अंक जेसॉनमध्यें मराठींत लिहिला तर छत्तीस बाइट लागतात. त्यांतले तीन बाइट अंकाचे. उरलेले तेहतीस नांवाचे व विरामचिन्हांचे. लाख शेतांच्या लाख नोंदी धाडल्या कीं तेंच नांव लाख वेळां प्रवास करणार!

येथें जुनी युक्ति पुन्हां पुढें येते. १९८४ सालीं आंतरराष्ट्रीय तारदूरध्वनि समितीनें नमुने लिहिण्याची एक भाषा ठरविली. तीच पुढें एएसएन वन या नांवानें प्रसिद्ध झाली. १९८७ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची एक्सडीआर ही पद्धति प्रसिद्ध झाली. तिच्या जोडीस आरपीसीजेन नांवाचें साधन होतें. त्यास नमुना वाचावयास दिला म्हणजे तें नोंद बांधण्याची व सोडण्याची आज्ञावली स्वतःच लिहून देई. गूगलमध्यें २००१ पासून वाढलेली प्रोटोकॉल बफर्स ही पद्धति २००८ सालीं सर्वांस खुली झाली. फेसबुकची थ्रिफ्ट २००७ सालीं. दोहोंचें सूत्र एकच. नमुना एका लहानशा लेखांत लिहावा. प्रत्येक रकान्यास क्रमांक द्यावा. मग एक अनुवादक-आज्ञावली त्या लेखावरून निरनिराळ्या संगणकभाषांत लिहिणारा आणि वाचणारा असे दोन्ही कारकून घडवून देते.

नोंद किती हलकी होते तें एका उदाहरणावरून दिसेल. ‘गट क्रमांक’ हा पहिला रकाना आणि त्यांतील अंक ३००. प्रोटोकॉल बफर्सच्या रीतीनें ही नोंद तीन बाइटांत मावते: ८, १७२, २. त्यांत ८ म्हणजे ‘पहिला रकाना, मजकूर पूर्णांक’ ही खूण. रकान्याच्या क्रमांकास आठांनीं गुणून मजकुराच्या प्रकाराचा अंक मिळविला कीं ती निघते, आणि पूर्णांकाचा प्रकार शून्य आहे. पुढें ३०० चे १२८ नीं भाग पाडले: दोन पूर्ण आणि बाकी ४४. बाकी आधीं लिहावयाची. आणि ‘अजून पुढें आहे’ हें सांगण्यासाठीं तींत १२८ मिळवावयाचे, म्हणून १७२. मग उरलेले दोन. छत्तीस बाइटांच्या जागीं तीन! नांव कोठें गेलें? तें दोन्ही टोंकांच्या नमुन्यांत आधींच बसलेलें आहे. शुभेच्छांच्या तारेंतील वाक्य जसें दोन्ही कचेऱ्यांत होतें तसें.

आज्ञावली यंत्राकडूनच कां लिहवून घ्यावी, असा प्रश्न येतो. त्याचें उत्तर छापील वह्यांनीं पूर्वींच दिलें आहे. दोन कारकुनांनीं एकाच नमुन्याचे रकाने आपापल्या हातानें आंखले तर कोठें तरी एक रेघ सरकते. एकानें क्षेत्र हेक्टरांत धरलें आणि दुसऱ्यानें एकरांत, तर दोघेहि आपापल्या वहींत बरोबर आणि दोघे मिळून चूक. फर्मा एक असला म्हणजे ही सरकासरक होत नाहीं. नमुन्यांत बदल झाला तर फर्मा बदलावा. वह्या पुन्हां छापून येतात.

पण बदल होतो तेव्हां जुन्या नोंदी राहतातच, आणि याविषयीं या पद्धतींचे नियम जुन्या दफ्तरदारासहि पटले असते. नवा रकाना नव्या क्रमांकानें जोडावा. जुना वाचणारा त्यास न ओळखतां ओलांडून पुढें जातो, अडत नाहीं. जुना रकाना काढला तर त्याचा क्रमांक राखून ठेवावा, दुसऱ्या कोणत्याहि रकान्यास कधींहि देऊं नये. ‘वर्ग’ या रकान्याचा क्रमांक उद्यां ‘कर्जा’स दिला, तर जुन्या नोंदींतील वर्ग दोन हा नव्या वाचणारास दोन रुपयांचा बोजा दिसावयाचा! आणखी एक धडा अनुभवानें मिळाला. आरंभीं या पद्धतींत ‘हा रकाना भरलाच पाहिजे’ असें बंधन घालतां येई. पुढें असें दिसून आलें कीं आज अवश्य वाटणारा रकाना उद्यां निरर्थक होतो, आणि बंधन मात्र मागें राहून चांगल्या नोंदी नाकारूं लागतें. २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तींतून तें बंधनच काढून टाकण्यांत आलें. नमुन्यानें कडक असावें, पण भविष्यकाळाशीं हट्ट करूं नये, हें यंत्रशास्त्र्यांस असें हळूहळू उमगलें.

सातबाऱ्यासहि या मार्गानें जावें लागलें. हस्तलिखित वह्यांतील मजकूर संगणकावर चढवितांना दोहोंत फरक पडले. ते काढण्यासाठीं उतारे पुन्हां तपासण्यांत आले, आणि २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन झालें. यंत्रांतील नोंद गांवकऱ्यांपुढें मोठ्यानें वाचावयाची, आणि ज्याचें शेत त्यानें चूक सांगावयाची, ही जुनीच रीत नव्या यंत्राच्या साहाय्यास आली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. २०२० सालीं सातबाऱ्याचा नमुना सुधारला. गांवाच्या नांवाशेजारीं त्याचा संकेतक्रमांक येऊं लागला. एकाच नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत कितीतरी आहेत. क्रमांक मात्र प्रत्येकाचा एकच.

त्या डिजिटल सहींतच एक मौज दडलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० अन्वयें भारतांत सहीचीं जीं प्रमाणपत्रें दिलीं जातात, त्यांची बांधणी एक्स ५०९ या जागतिक नमुन्याची. आणि तो नमुना लिहिलेला आहे त्याच एएसएन वन या भाषेंत. गिरडचा शेतकरी आपला उतारा बँकेंत दाखवितो तेव्हां उताऱ्याच्या पोटांत असा एक अंकबद्ध कागद असतो, कीं तो डोळ्यांनीं कोणासहि वाचतां येत नाहीं. पण ज्या यंत्रापाशीं नमुना आहे तें यंत्र त्यावरून सही खरी कीं खोटी तें तत्काळ सांगतें.

शेवटीं या सर्व इतिहासाचा तोल पाहिला पाहिजे. जेसॉन ही आजची बाळबोध म्हणावी आणि प्रोटोकॉल बफर्स ही आजची मोडी. बाळबोध सावकाश चालते, जागा अधिक घेते, पण साक्षर माणसास कधींहि वाचतां येते. मोडी झपाट्यानें चालते, पण तिची किल्ली लागते. छपाईच्या युगांत सुट्या अक्षरांच्या खिळ्यांस बाळबोध सोयीची पडली. १८०५ सालीं श्रीरामपूर येथें छापलेलें विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण देवनागरींतच निघालें. विसाव्या शतकांत शाळांतून मोडी सुटली. किल्ली हरवली आणि रुमालांत बांधलेले असंख्य कागद मुके झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, ते किल्ली जाणणारे लोक तोंवर होते म्हणून. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां जुने मोडी कागद वाचणारांची निकड राज्यास एकाएकीं भासली. पणजोबाच्या नांवापुढें काय लिहिलें आहे, हें नातवंडाच्या नातवंडास वाचतां येईना. आणि त्या न वाचलेल्या ओळीवर त्याचा दाखला अवलंबून होता.

म्हणून हलकेपणा हा स्वस्त नव्हे. त्याचें मोल नमुना जपण्यांत द्यावें लागतें. ही गोष्ट यंत्रविद्येंतहि कांहींनीं ओळखली आहे. २००९ सालीं पुढें आलेल्या ॲव्हरो या पद्धतींत नोंदी आटोपशीरच असतात, पण ज्या संचिकेंत त्या ठेवितात तिच्या माथ्यावर संपूर्ण नमुना एकदां लिहून ठेवितात. लाख नोंदींस एक नमुना. भार नगण्य, आणि शंभर वर्षांनीं उघडणारासहि वाट सांपडते. जुना दफ्तरदार रुमालाच्या गांठीखालीं चिठ्ठी खोंचून ठेवी, आंत कोणत्या सालचे व कोणत्या गांवचे कागद आहेत हें तीवर लिही, आणि मगच रुमाल फडताळांत सारी. त्या एका चिठ्ठीमुळें पुढच्या माणसाची वाट सोपी होई. समुद्रपूरचा खसरा वह्यांतून यंत्रांत गेला, यंत्रांतून तारेवर आला आणि तारेवरून शेतकऱ्याच्या तळहातावर उतरला. त्याच्याबरोबर ती चिठ्ठीहि गेली पाहिजे.